बिनकामाच्या वाटा

पोर्तो (पोर्तुगाल), १२ सप्टेंबर २०२४

सायलीच्या आबांना अंजनाचा नमस्कार.

फोनवर तुमचं तोंड दिसतं, पण तुमाला आयकू येत न्हाई, आन मी ओरडले की जावई दुसऱ्या खोलीतून वाकून बघतेत. म्हून हे पत्र. चौथीपर्यंतचं शिक्षान हाय, चुकलं-माकलं पोटात घाला. लग्नाला छत्तीस वर्सं झाली, तुमाला पत्र लिव्हायची पाळी काही आली नव्हती. मेंढरामागं दोघं संगंच असायचो.

सायलीला नववा लागला हाय, तरी कामावर जाती. जावई आदिनाथराव बी जातेत. मंग चौथ्या मजल्यावर मी एकटी. पहिले चार दिवस खिडकीत बसून काढले. पाचव्या दिवशी गुडघे दुखाया लागले. चालून कधी दुखले नव्हते ते बसून दुखले. मंग पत्त्याची चिठ्ठी पिशवीत टाकली, चावी घेतली आन खाली उतरले. सायलीला म्हणलं कोपऱ्यावरच्या बागंपर्यंत जाऊन आले. ते खोटं हाय. तुमी तिला सांगू नका.

कसं सांगू तुमाला. हे गाव सगळं उतारावर बसवलंय. रस्ता चालता चालता मधीच पायऱ्या होतो. घरांच्या भिंतीला बाहेरून चिनी मातीच्या निळ्या फरशा लावल्या हायेत, आपून पाहुण्यासाठी राखून ठेवलेली बशी असती ना तशा. एका भिंतीवर तर आख्खी लढाई काढली हाय, घोडे, भाले, सगळं निळं. मी हात लावून पाह्यला. गार होती. वल्ली कापडं एका घरातून समोरच्या घरात दोरीवर वाळत घालतेत, त्याच्या खालून आपून जायचं. नदीवर एक लोखंडी पूल हाय, त्याला दोन मजले. वरच्या मजल्यावरून रेल्वे जाती आन तिच्या शेजारून माणसं बी चालतेत, मधी कठडा न्हाई काही न्हाई. मी मधोमध उभी राह्यले आन खाली पाह्यलं, तर होड्या खडूच्या तुकड्याएवढ्या. तिथून हालावंसं वाटंना.

आन सगळ्यात नवल म्हंजे, कुठं निघालीस म्हून कुणी पुसत न्हाई. तीन घंटे फिरले, एकानं पुसलं न्हाई. मलाच ठावं नव्हतं, तर काय सांगितलं असतं.

मेंढरांना जपा. गोळ्या येळंवर घ्या.

अंजना


पाली (बीड), २८ सप्टेंबर २०२४

सायलीच्या आईस.

पत्र पोचलं. नात झाली ते तुझ्या दिराच्या, उत्तरेश्वरच्या फोनवर पाह्यलं. पोरीचं नाक तुझ्यावर गेलंय.

तू लेकीचं बाळंतपण कराया गेलतीस का गाव हुंदडाया, ते मला समजंना. परक्या मुलखात, भाषा न्हाई, वळख न्हाई, आन बाईमाणूस एकटं रिकामं फिरतंय. चारा बघाया माणूस चालतं, पाणी बघाया चालतं, बाजाराला चालतं. काम न्हाई आन चाललंय, असं मी जल्मात आयकलं न्हाई. लेकीशी खोटं बोलतीस ते येगळंच.

मेंढरं सध्या तलावाच्या वरच्या अंगाला हायेत. औंदा गवत चांगलं हाय. परवा धाकल्या टेकाडावर बसवली होती. तिथून पुढं माळावर नेईन.

रेल्वेच्या शेजारून माणसं कशी चालतेत, धक्का लागत न्हाई का, ते कळव.

धुळाजी


पोर्तो, १३ ऑक्टोबर २०२४

सायलीच्या आबांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस गेले न्हाई. तिसऱ्या दिवशी मायलेकी झोपल्या, जावई घरीच होते, मंग गेले. तुमी रागं भरा, पण खरं ते लिव्हते. रेल्वे त्या पुलावर म्हशीसारखी हळू चालती आन घंटी वाजविती. माणसं बाजूला सरतेत. धक्का कुणाला लागत न्हाई.

ह्या बारी काय झालं ते आयका. बाजारात गेलते. वरून छप्पर, खाली वळीनं बाया बसलेल्या. एक म्हातारी हाय, काळं नेसती, डोक्याला रुमाल. तिचं नाव लुर्देस, ते मागून कळलं. तिच्याम्होरं बटाट्याचा ढीग होता. मी नुसती बघत होते. तिनं एक उचलला आन म्हणली, "बटाटा."

मला वाटलं माझ्याच कानात काही झालं. मी म्हणलं, बटाटा? ती म्हणली, बटाटा, बटाटा. मंग मी तिच्या मागची बादली दाखविली. ती म्हणली "बाल्द". कोबी दाखविला तर "कोव्ह". साबणाला "साबाँव". पिशवीतून चावी काढून धरली तर म्हणली "चाव". माझ्या अंगावर काटा आला. सात समुद्र वलांडून आले, एका माणसाचं बोलणं कळत न्हाई, आन माझ्या चुलीपाशचे शब्द ह्या बाईच्या तोंडात. आमी दोघी एकेक वस्तू उचलून बोलत होताव आन हासत होताव. शेजारच्या बाया गोळा झाल्या. तिनं मला दोन बटाटे बळंच दिले.

घरी आल्यावर जावयांना म्हणलं, टीव्हीवर कुणी बटाटा म्हणल्यासारखं वाटलं. ते म्हणले, आत्या, पाचशे वर्सांखाली इथली गलबतं आपल्या किनाऱ्याला लागली, तवा हे शब्द तिकडं राह्यले. किनारा कुठं आन आपलं पाली कुठं. चालत चालतच आले असतील, कुणाच्या तरी तोंडातून.

हे मी कुणाला सांगू? सायलीला सांगितलं तर बाजारात कावून गेलतीस म्हणंल. म्हून तुमाला.

अंजना


पाली, ३० ऑक्टोबर २०२४

सायलीच्या आईस.

तुझं पत्र तीनदा वाचलं.

बाजारापतोर कसं गेलीस ते लिव्हलं न्हाईस. घरातून निघून आधी चढ लागतो का उतार? पायाखाली दगड हाय का डांबर? दगड घडीव हाय का गोल? पुलाकून बाजार कोण्या अंगाला? पायऱ्या किती हायेत, मधी टेकाया जागा हाय का? झाडं कशाची? कुत्री मोकाट हायेत का बांधलेली? त्या लुर्देसबाईचं गाव कोणतं, तिला पूस. हातवाऱ्यानं पूस.

एक बी वळण सोडू नको. घाई करू नको लिव्हायची. कागद लागला तर जास्त घे.

मेंढरं उत्तरेश्वर बघतो. मला जरा निवांतपणा हाय. इकडं सगळं ठीक.

धुळाजी


पोर्तो, १५ नोव्हेंबर २०२४

सायलीच्या आबांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं तवा मला रडू आलं. चढ का उतार, दगड घडीव का गोल. अशी उलटतपासणी तर कोर्टात करतेत. मी खरंच फिरते का बनाव करून लिव्हते, तेच बघताय ना? आता त्याची गरज राह्यली न्हाई.

आठ दिवसांखाली मी हरवले. दुपारी नदीवर गेलते. धुकं पाण्यावरून उठलं आन बघता बघता पूल गेला, मंग समोरची घरं गेली, मंग माझा सवताचा हात धूसर झाला. असं धुकं मी कधी पाह्यलं न्हाई. भ्याले न्हाई, खोटं कशाला बोलू. एका कठड्याला हात लावून उभी राह्यले आन वाटलं, देवानं जग पुसून घेतलं, आता नवं काढील. पण मंग अंधार पडाया लागला. चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत राह्यली होती. जो रस्ता धरला तो भलतीकडं निघाला. शेवटी दोन पोलिसांनी बसवून घेतलं, कॉफी पाजली. जावयांनी तवर सगळीकडं फोन केलते.

घरी आले तर सायली दारातच बसलेली. नात रडून रडून निळी झालती. सायली म्हणली, "माय, तुला काही झालं असतं तर मी आबाला काय तोंड दाखवू?" मंग तिनं माझ्या पिशवीतून चावी काढून घेतली. तिचं काही चुकलं न्हाई.

तेव्हापासून घरातच हाय. नातीला न्हाऊमाखू घालते, भाकरी करते. खिडकीतून एक निळी भिंत दिसती. तुमी म्हणलात तेच खरं, रिकामं फिरू न्हाई. आता लिव्हायला बी काही उरलं न्हाई.

अंजना


पाली, २९ नोव्हेंबर २०२४

चि. सायलीस आबाचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मायला दावू नको.

सोळा ऑक्टोबरला तलावाच्या सांडव्यावर एक कोकरू अडकलं. काढाया उतरलो, शेवाळावर पाय गेला आन खाली आलो. डाव्या नडगीचं हाड दोन जागी मोडलं. उत्तरेश्वरनं बीडला नेलं. आत सळई घातली. तीन महिने पाय टेकायचा न्हाई म्हणले. फोनवर मी तोंडच दावतो. उत्तरेश्वरकाकाला आन रुक्मिणीकाकूला मी शपथ घातली हाय, त्यांच्यावर रागवू नको. तुझ्या मायला कळलं असतं तर ती त्याच दिवशी निघाली असती, आन तुझं बाळंतपण राह्यलं असतं.

पोरी, मी साठ वर्सांचा झालो, दिसातून चार कोस चालल्याबिगर मला झोप न्हाई. खाटंवर पडल्यावर पहिले आठ दिवस वाटलं, आता मी संपलो. कानानं आयकू येत न्हाई, पायानं चालता येत न्हाई. मंग तुझ्या मायचं बाजाराचं पत्र आलं. ते वाचता वाचता मी चाललो. खोटं वाटंल तुला. मंग मी चुलीतला कोळसा मागितला आन खाटंशेजारच्या भिंतीवर नदी काढली, तिच्यावर दोन मजल्यांचा पूल, मंग पायऱ्या, मंग बाजार. लुर्देसबाईला बी काढली, पण ती बुजगावण्यावानी झाली. रुक्मिणी म्हणती म्हातारं खुळावलं. ती भिंत मी रोज बघतो. पण बाजाराच्या म्होरं ती कोरी हाय. तुझ्या मायचं शेवटचं पत्र आलं, त्यात आता लिव्हायला काही न्हाई असं हाय.

तू भ्यालीस ते बरोबर हाय. मी बी आधी तिला रागंच भरलो होतो. पण एक सांगतो. तुझी माय जल्मभर चालली, पण जिकडं चारा तिकडं, जिकडं मी म्हणलो तिकडं. सवताच्या मनानं ती कुठं बी गेली न्हाई. आता गेली, तर असं काही बघून आली की इथं खाटंवर पडलेल्या माणसाला बी दिसलं.

तिला चावी दे.

तुझा आबा


पोर्तो, १४ डिसेंबर २०२४

आबा,

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं आणि मग खाली बसले. दोन महिने तुम्ही मला सांगितलं नाहीत याचा राग अजून गेलेला नाही. काकांशी मी बोलले. सळईचे फोटो मागवून घेतले, आदिनाथच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवले. हाड नीट धरतंय म्हणाले. घाई करू नका, एवढं ऐका.

मायला चावी दिली. गळ्यात घालायला पत्त्याचं कार्ड करून दिलं. तिनं विचारलं, अचानक कसं काय? मी म्हटलं, माझंच चुकलं. तुमचं नाव घेतलं नाही.

मग मीही तिच्याबरोबर गेले, बाळाला पोटाशी बांधून. आबा, मला या शहरात चार वर्षं झाली. घर, ऑफिस, किराणा, डॉक्टर, यापलीकडे मी काही पाहिलेलं नव्हतं. माय मला अशा बोळांतून घेऊन गेली की मला ते नकाशात शोधता आले नसते. एका चर्चच्या मागे संत्र्याचं झाड आहे, फळांनी वाकलेलं; तिनं ते मला आपल्या शेतातलं दाखवावं तसं दाखवलं. बाजारातल्या बायका तिला हाक मारतात. अन्झना म्हणतात. लुर्देस आजींनी बाळाला हातात घेतलं आणि तिच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. मायनं लगेच काजळाची तीट लावली. दोघी समाधानानं हसल्या. मी मध्ये उभी होते. दोघींची भाषा मला येते, पण दोघींना माझी गरजच लागली नाही.

परत येताना माय म्हणाली, "तुझ्या आबानं मागच्या पत्रात मेंढरं कुठं बसवली ते लिहिलं न्हाई." मी बाळाचं टोपरं नीट करत राहिले. ती माझ्याकडे बघत होती.

सायली


पोर्तो, ६ जानेवारी २०२५

सायलीच्या आबा,

तुमी लबाड हाव.

मला कुणी सांगितलं न्हाई. मी तुमचं मागचं पत्र काढून पुन्हा वाचलं. छत्तीस वर्सांत मेंढरं कुठं हायेत हे सांगितल्याबिगर तुमी कधी भाकरीला बसला न्हाई. त्या पत्रात माळ न्हाई, टेकाड न्हाई, पाण्याची जागा न्हाई. नुसतं माझ्या पायाखाली काय हाय ते पुसलंय. ज्याच्या पायाखाली काही न्हाई, तोच असं पुसतो. मला वाटलं होतं परीक्षा घेताय. मी किती येडी.

सायलीला म्हणलं, आबाला चालता येतंय का न्हाई तेवढं सांग. ती रडाया लागली. तवाच कळलं. मी ब्याग भरली. जावयांना म्हणलं उद्याचं तिकीट काढा. मंग सायलीनं तिला आलेलं तुमचं पत्र आणून माझ्या हातावर ठेवलं. ते भिंतीचं वाचलं. लई येळ ब्यागंवरच बसून राह्यले. इथून उठून तिकडं आले असते तर तुमाला उठवून बसवलं असतं, पाणी दिलं असतं. ते रुक्मिणी बी करतीच हाय. पण त्या भिंतीवर बाजाराच्या म्होरं काय काढायचं ते तिला कुठून ठावं?

म्हून ब्याग रिकामी केली आन दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्यासाठी निघाले. आता नीट वाचा, एक वळण सोडत न्हाई.

बाजारातून उजव्या अंगानं उतार लागतो. दगड घडीव, चौकोनी, मुठीएवढे, वल्ले असले की निसरडे. एकशे बारा पायऱ्या. मधी दोन जागी टेकाया कट्टा हाय. खाली नदी. तिथून डावीकडं वळलं की पूल, आपून उजवीकडं वळायचं, पाणी जातंय तिकडं. मला जायचं कुठं बी नव्हतं. पाणी कुठं जातंय ते बघावं म्हणलं. काठाला गळ टाकून बापे बसलेले असतेत. एकानं मला आपला मासा वर धरून दावला. म्होरं ताडाची झाडं लागतेत. कुत्री दोरीला बांधलेली असतेत, माणसं त्यांच्या मागं चालतेत. नदी रुंद होत गेली. वाऱ्याला येगळा वास आला. ओठ चाटले तर खारट.

आन मंग नदीच संपली.

सायलीच्या आबा, मी समुद्र कधी पाह्यला नव्हता. इमानातून खाली नुसते ढग होते. तिथं दगडाचा एक लांब बांध पाण्यात गेलाय आन त्याच्या टोकाला दिव्याचा मनोरा हाय. त्या मनोऱ्याच्या डोक्यावरून लाट जात होती. पाण्याचा डोंगर उठायचा, थांबल्यासारखा व्हायचा, आन मंग कोसळायचा. त्याचा आवाज छातीत आयकू येतो, कानात न्हाई. तुमाला बी आला असता. दूरवरून पांढऱ्या पाठी यायच्या, एकामागं एक, दाटी करून, आन मी सवयीनं मोजाया लागले. सांजच्याला वाड्यात घेताना मोजतो तशी. दोनशे झाल्या. चारशे झाल्या. मंग ध्यानात आलं की ह्या संपणार न्हाईत. मी मोजायचं सोडून दिलं. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं कवाच गेलता. हात जोडले गेले, कुणाला ते ठावं न्हाई.

लुर्देसबाईचं गाव पुसलं होतं तुमी. हातवाऱ्यानं पुसलं. तिनं डोंगर दावला आन मंग मेंढरासारखी ओरडली.

आता पाय जपा. एक मार्चला येते.

अंजना


पाली, २४ जानेवारी २०२५

अंजनास.

तुझं पत्र आलं त्या दिवशी कोळसा संपला. समुद्र काढाया भिंत पुरली न्हाई, कोपऱ्यातून वळवून दाराच्या भिंतीवर घ्यावा लागला. रुक्मिणी आता काही म्हणत न्हाई. शेजारपाजारचे बघाया येतेत.

काल बीडला दवाखान्यात गेलतो. डॉक्टरनं फोटो पाह्यला, काठी घेऊन रोज थोडं चाला म्हणला. उत्तरेश्वर औषधाच्या रांगंत उभा राह्यला, मला बाकड्यावर बसवून गेला. रांग लई मोठी होती. मी बसलो थोडा येळ. मंग उठलो.

बीडला मी पन्नास वर्सं येतोय. कोर्टात, बाजारात, दवाखान्यात. आलो, काम केलं, गाडीत बसलो. काल काम नव्हतं. रस्ता सोडून एका बोळात शिरलो, कावून ते ठावं न्हाई. जुन्या वस्तीचा बोळ. एका दारात पिंजारी कापूस पिंजत होता, आख्खा बोळ पांढऱ्या धुरळ्यानं भरलेला, आन त्यात उन्हाचा पट्टा पडलेला. माझ्या काठीवर, बाहीवर कापूस बसला. मी त्याच्यातून चाललो, सावकाश. म्होरं एक माणूस पितळंच्या पातेल्याला कल्हई करत होता. काळं पातेलं त्यानं एका हातानं फिरवलं आन ते चांदीचं झालं. हे मी लहानपणी पाह्यलं असंल, पण कालच पाह्यलं असं वाटलं. एका वेशीच्या कमानीवर दगडात फुलं कोरलेली हायेत. तिच्या खालून मी शंभर बारी गेलो असंल. मान वर केली नव्हती.

एका घराच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्यानं हातानं पुसलं, कुणाकडं आलात. मी सांगितलं, कुणाकडंच न्हाई. त्यानं मला बसाया खुर्ची दिली, च्या पाजला. मला आयकू येत न्हाई हे त्याला समजलं होतं. बराच येळ दोघं बोळाकडं बघत बसलो.

उत्तरेश्वरनं मला बिंदुसरा नदीच्या पुलावर धरलं. लई घाबरलता. कानापाशी तोंड आणून ओरडला, "कुठं गेलतास, आण्णा?" मी त्याला बाहीवरचा कापूस दावला. पाय सुजलाय, पण दुखत न्हाई. रातच्याला झोप लागली.

मार्चला तू येशील तवा मी बीडच्या स्टँडवर येतो. उत्तरेश्वरला ब्यागा घेऊन म्होरल्या गाडीनं पाठवू. आपून दोघं मागून येऊ. आधी बीडात फिरू. कुठं जायचं ते मला पुसू नको. आजवर तू माझ्या मागं चाललीस. त्या दिवशी तू पुढं हो, मी काठी टेकत मागून येतो.

धुळाजी